लिंक उघडा, मग टॉवेल दाबा

मामांच्या लेखी लिंक पाठवणं म्हणजे माल पाठवणं. इथून ट्रान्सपोर्टला जे घातलं तेच तिकडे उतरलं पाहिजे. त्यामुळे पुण्याच्या पार्टीला टॉवेलची लिंक धाडली आणि तिथं चादरी उघडल्या की माझा फोन वाजतो. "काय बे, तुझी वेबसाइट परत माल बदलली की!"

वेबसाइट माझी नाही. ज्यांनी केली ते पैसे घेऊन फोन उचलेनासे झालेत. मी नुसता कॉम्प्युटर शिकलेला भाचा.

त्या पानावर चादर, टॉवेल, नॅपकिन असे टॅब आहेत. टॅब दाबला की खालचा माल बदलतो, ब्राउझरमधला वरचा पत्ता, म्हणजे लिंक, मात्र ढिम्म हलत नाही. कुठला टॅब उघडाय हे फक्त मामांच्या मोबाइलला माहीत, आणि रिफ्रेश केलं की तोही विसरतो. मग पत्त्यात जे नाही ते मामा तोंडाने भरतात. "उघडली लिंक? आता चादरच्या शेजारी बघा... ते दाबा. नॅपकिन नका दाबू ओ! खाली या. निळी पट्टी दिसली? त्याच्या खालचा." एवढ्यात आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतला पोऱ्या टॉवेल घेऊन हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला पोचला असता.

खरं तर पान पुन्हा न उघडता पत्ता बदलायची सोय वेबपानं लिहायच्या एचटीएमएल ५ या भाषेत आहे, आणि ते २०१४ सालीच प्रमाण झालं. तेव्हा मी पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन टॅबचं नाव जोडायला घेतलं. हॅश (#) देऊनही जमतं, पण हॅशपुढचं पान पाठवणाऱ्या सर्व्हरपर्यंत जातच नाही; मग व्हॉट्सॲपवर लिंकसोबत टॉवेलचा फोटो कुठून येणार?

नाव मराठीतच पाहिजे, हा मामांचा हट्ट. पण लिंक कॉपी केली की देवनागरीचं पीठ पडतं. एकट्या 'ट'चं '%ई०%ए४%९एफ' होतं. 'टॉवेल' लिहायला ४५ चिन्हं! "पार्टी भिईल बे, व्हायरस वाटतंय," म्हणत मामा रोमनवर आले.

उरला मागे जायचा बाण. प्रत्येक टॅबची नवी नोंद हिस्टरीत पुशस्टेट या आज्ञेने ठेवली, तर बाहेर पडू पाहणाऱ्या पार्टीला नॅपकिन, टॉवेल, चादर अशी उलटी प्रदक्षिणा घडते. म्हणून मी रिप्लेसस्टेट वापरलं; ते नवी नोंद न घालता आधीचीच बदलतं. बाण दाबला की माणूस सुटला पाहिजे, या मताचा मी आहे.

मामा खूश. इतके, की 'टॅब=' पुढचं नाव हाताने बदलता येतं हेही त्यांनी हेरलं. थकबाकी मागायला भीड वाटते म्हणून त्यांनी पुण्याला 'टॅब=उधारी' अशी लिंक धाडली. असला टॅबच नाही. आणि यादी रिकामी निघाली की तो जुना कोड पानभर छापतो, 'काहीही शिल्लक नाही.'

पार्टीने लगेच स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "पाहिलं. हिशेब मिटल्याबद्दल आभार."