जोई रमोनचा पहिला अल्बम

अमेरिकन रॉक गायक जोई रमोन याचा ‘डोन्ट वरी अबाउट मी’ हा पहिला एकल अल्बम फेब्रुवारी २००२ मध्ये निघाला. त्याला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते, आणि त्यामुळेच बहुतेक जण तो मृत्युपत्र वाचावे तसे ऐकतात. मला हे मनापासून खटकते.

न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समधल्या चार तरुणांनी १९७४ साली ‘रमोन्स’ हा बँड सुरू केला. नाती वेगळी, घरे वेगळी, पण आडनाव सर्वांनी एकच लावले. त्यांच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममधली चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. ऑगस्ट १९९६ मध्ये लॉस एंजेलिसला अखेरचा कार्यक्रम होईपर्यंत २२ वर्षे जेफ्री हायमन, म्हणजेच जोई, हा त्या सामायिक नावाचा आवाज होता, त्यामुळे त्याला स्वतःला काय गायचे होते हे प्रथमच ऐकू येते ते या अल्बममध्ये.

सुरुवातच पाहा. लुई आर्मस्ट्राँग यांचे १९६७ मधले संथ ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ तो भरधाव गिटारींवर गातो, शब्दाच्या टोकाला उचकी लागल्यासारख्या त्याच्या त्या आवाजात, आणि त्यात कुठेही निरोपाचा सूर नाही. काही गाणी साधारण आहेत, हेही सांगितले पाहिजे. मात्र ‘मारिया बार्टिरोमो’ हे गाणे मला सर्वांत मोलाचे वाटते. दूरचित्रवाणीवर शेअर बाजाराच्या बातम्या देणाऱ्या निवेदिकेवरचे हे गाणे लिम्फोमा या कर्करोगाशी झुंजणारा माणूस गातो आहे, आणि त्याला चिंता आहे ती आपल्या शेअर्सची.

हा अल्बम मी नीट ऐकला तो लातूरच्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात, थोरल्या काकांच्या केमोच्या दिवसांत. काका सलाईनची नळी एका हाताने बाजूला धरून फोनवर मुलाला सांगत असत, “माझी काळजी करू नको, आभाळ भरून यायलंय, तूर तेवढी काढून घे.” तोच तो अल्बमच्या नावाचा अर्थ! फोन ठेवला की ते मला विचारत, “आडतीत आज तुरीला काय भाव निघाला?” मी सांगितलेला आकडा ते पुटपुटत आणि बोटांवर पोत्यांचा हिशेब करीत, कारण त्यांना पुढच्या हंगामात विहिरीवर नवी मोटार बसवायची होती.

काका आषाढात गेले. त्यांच्या आजारपणाविषयी घरात आजही बोलणे निघते, तेव्हा वेदना आठवतात, डॉक्टर आठवतात, कोण भेटायला आले नाही तेही आठवते. तुरीचा भाव मात्र कोणी सांगत नाही. जोईच्या अल्बमचेही असेच झाले आहे. इस्पितळातल्या खाटेवरून पुन्हा उठण्याची जिद्द सांगणारे ‘आय गॉट नॉक्ड डाउन’ सर्वांना ठाऊक असते, आणि शेअर्सची चौकशी करणारे गाणे गंमत म्हणून सोडून दिले जाते. तुम्ही हा अल्बम ऐकणार असाल, तर त्या गाण्यापासून सुरुवात करा.