डीएनए चाचणीत सात पिढ्यांची नावं मिळत नाहीत

‘थुंकीचा नमुना द्या, सात पिढ्यांची नावं अन् मूळ गाव मिळवा’ हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. अहवालात पूर्वजांची नावं नसतात. त्याच कंपनीकडे चाचणी केलेल्यांपैकी कोणाशी किती डीएनए जुळतो, ते सेंटिमॉर्गनमध्ये (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) येतं. सख्ख्या चुलतभावंडांत सरासरी ८५०च्या आसपास. सात पिढ्या मागे १२८ पूर्वज, एकेकाचा वाटा सरासरी एक टक्क्याहूनही कमी. त्यात मामाच्या मुलीशी लग्नं झालेल्या घरांत आकडा फुगतो, लांबचा भाऊबंद जवळचा दिसतो. चाचणी करायचीच तर आधी आजी-आजोबांची करा, नमुन्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू बंद (हे जमवणंच अवघड!). नावं हवीत तर तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ ही जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, अन् त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या बघा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.