चिखलाने माखलेले मध्ययुग

‘मध्ययुगीन युरोपात लोक जन्मात दोनदाच आंघोळ करत, पृथ्वी सपाट मानत आणि प्रत्येक नवरीची पहिली रात्र जहागीरदाराची असे’ हा मजकूर चित्रपटांतल्या मळकट चेहऱ्यांच्या छायाचित्रांसह सध्या सर्वत्र फिरतो आहे. माझ्या भाचीने तो शाळेच्या इतिहास-प्रकल्पात जसाच्या तसा उतरवून पुरावा म्हणून चित्रपटांची नावे दिली, तेव्हा गप्प बसणे अशक्य झाले.

आंघोळीचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे. सुमारे १२६८ मध्ये पॅरिसचा राजनियुक्त प्रशासक एतिएन ब्वालो याने शहरातल्या व्यवसायांचे नियम लिहवून घेतले, आणि त्यांत सार्वजनिक स्नानगृहे चालवणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. वाफेच्या स्नानाला किती आणि पाण्यात उतरून केलेल्या आंघोळीला किती पैसे घ्यावेत, हे त्यात ठरवून दिले आहे. शिवाय, अंधारात घराबाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांना धोका असतो म्हणून उजाडण्यापूर्वी स्नानगृहाची हाळी देऊ नये, अशी ताकीदही आहे. ज्या शहराला आंघोळीचे वावडे होते, तिथे पहाटे तिची हाळी देणाऱ्यांना आवरण्याची वेळ का यावी? पुढे सोळाव्या शतकात रोगांच्या भीतीने यांतली बरीच स्नानगृहे बंद झाली आणि गरम पाण्याने शरीरात रोग शिरतो अशी समजूत वैद्यांमध्येही बळावली, एवढे मान्य करावे लागते. पण ते मध्ययुग सरल्यानंतरचे आहे, आणि त्याचे खापर आधीच्या शतकांवर फोडता येत नाही.

सपाट पृथ्वीवर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. तेराव्या शतकातल्या साक्रोबोस्को या खगोलपंडिताच्या ग्रंथातून विद्यापीठांत गोल पृथ्वीच शिकवली जात होती. कोलंबसाचा वाद ती गोल की सपाट याविषयी नसून समुद्रमार्गाच्या अंतराविषयी होता.

पहिल्या रात्रीचा कथित हक्क १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’ या चित्रपटाने घरोघरी पोहोचवला. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडमध्ये असा हक्क दिल्याचा कोणताही पुरावा नाही. जहागीरदारांच्या अत्याचारांना तोटा नव्हता, हे खरे. वेठबिगार कुळाला मुलीच्या लग्नासाठी धन्याला पैसे मोजावे लागत, याच्या नोंदी इंग्लंडमधल्या जहागिरींच्या न्यायदप्तरांत विपुल आहेत, परंतु त्या रुक्ष वसुलीत पटकथाकारांना रस नसावा. त्याच चित्रपटात त्याच्या नायकावर, इंग्लंडविरुद्ध लढलेल्या स्कॉटिश विल्यम वॉलेसवर, भाळलेली राजकन्या इझाबेला १३०५ मध्ये, म्हणजे त्याला मृत्युदंड झाला त्या वर्षी, जेमतेम दहा वर्षांची होती आणि फ्रान्समध्ये राहत होती.