वारा आहे म्हणून हवा स्वच्छ? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सडेतोड आहे, उत्तरही तसंच देतो. आपलं म्हणणं असं: गोव्याला समुद्राचा वारा आहे, दिल्लीची भीती इथे दाखवू नका, एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ८० म्हणजे 'समाधानकारक', आणि रस्त्यावर टँकरने पाणी मारतात, अजून काय हवं?

वारा धूळ नाहीशी करत नाही, हलवतो. मुरगाव बंदराकडून दुपारी वास्कोत शिरणारा वारा कोळशाची भुकटी सोबत घेऊनच येतो. थंडीत रात्री वारा पडला की पहाटे जाळलेल्या केराचा धूर जमिनीलगत घुटमळतो. नेमके तेव्हाच लोक फिरायला निघतात!

आता तो 'समाधानकारक'. हा पट्टा १०० पर्यंत जातो, म्हणजे पीएम २.५ची (हवेतल्या २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांची) २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा आहे १५. आपले ८० पीएम २.५मुळे असतील, तर हवेत सुमारे ४८ आहेत, तिपटीहून जास्त. पीएम १०मुळे (१० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांमुळे) असतील तर ८०, आणि तिथे मर्यादा ४५. म्हणून ॲपवर नुसता आकडा नको, प्रमुख प्रदूषक कोणता तेही बघा. खिडकीच्या चौकटीवर बोटाला लागते ती काजळी बहुतेक जाड कणांची. त्यांतले बरेच नाक-घशात अडतात. बारीक कण फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात, अतिसूक्ष्म तर रक्तातही. म्हणूनच दम्याच्या जोडीला हृदयविकार आणि पक्षाघातही येतात.

पाणी मारण्याबद्दल: एप्रिलच्या उन्हात ते बघता बघता सुकतं. कडेला साचलेला चिखल वाळतो आणि ट्रकच्या टायरांखाली पुन्हा उडतो. तो खरवडून, भरून न्यायला हवा. ट्रकवर ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट बांधलेली हवी, हौद्याच्या काठाखालीच माल हवा, आणि खाणीतून किंवा बंदरातून बाहेर पडताना टायर धुतलेले हवेत. हे मागायचं पंचायतीकडे, पालिकेकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. लेखी, वेळ आणि फोटोसकट.

केर जाळणं मात्र आपल्याच हातात. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणविषयक न्यायाधिकरणाने) २०१६ सालीच ५,००० रुपये दंड ठरवला आहे. पाल्यात प्लास्टिक मिसळलं की धूर जास्तच विषारी होतो. परसात खड्डा करा, पाल्याच्या प्रत्येक थरावर थोडं शेण-माती टाका, ओल ठेवा.

घरात दमेकरी असेल तर कोरडा झाडू टाळा, ओलं पुसा. एन-९५ मास्क गालाला घट्ट बसला नाही तर फटीतून हवा शिरतेच. आणि डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला इन्हेलर, बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका.