सविस्तर पत्री

बँकेचं ॲप चार दिवस ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणत होतं, म्हणून पासबुक भरून घ्यायला गेलो. मशीन बंद. रांगेत सतरावा नंबर. काउंटरवरच्या बाईंनी पासबुक सरकवलं, ते माझ्या हातात येण्याआधी मागच्या काकांनी वाचलं. मोठ्यानं.

“दोनशे सत्तर! व्याज का हो?”

“नाही, लेखाचे.”

“पेपरात लिहिता?”

“ऑनलाइन.” लेखाचं नाव मी शक्य तितकं पुटपुटत सांगितलं. ‘पावसाळ्यात चपला कुबट होऊ नयेत म्हणून काय कराल?’ रांगेतल्या दोघांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं.

तर हिशेब असा. शब्दाला पन्नास पैसे. सहाशे शब्दांचे तीनशे. त्यातून दहा टक्के टीडीएस. खरं तर एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच मिळत असतील तर तो कापायची गरज नसते. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. आताची ओलांडायला मला एक लाखावर शब्द लिहावे लागतील, म्हणजे चपलांवर एकशे सदुसष्ट लेख. तरी यांचं सॉफ्टवेअर कापतंच. तीस रुपये परत हवेत? रिटर्न भरा. शिवाय दर वेळी इन्व्हॉइस, पॅन आणि रद्द केलेला चेक. जमा होतात त्याहून जास्त चेक मी रद्द केलेत.

काकांनी मनातल्या मनात भागाकार केला. “म्हणजे शब्दाला पंचेचाळीस पैसे. अहो, मी तारखात्यातला. २०११ साली तारेचा दर वाढवला, पन्नास शब्दांना सत्तावीस रुपये. शब्दाला चोपन्न पैसे झाले की नाही? आणि आम्ही तर दुसऱ्यानं लिहिलेलं फक्त पोचवायचो!”

यावर काय बोलणार? मी विषय बदलायला गेलो आणि आणखी फसलो. म्हटलं, काका, मराठीत लिहिणाऱ्याचं मुळातच नुकसान आहे. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एक शब्द. पन्नास पैसे. इंग्रजीवाला तेवढ्यासाठी सहा-सात शब्द लावतो आणि सगळ्यांचे पैसे घेतो. मी एकदा ‘घरा समोरच्यां ना सुद्धा’ असं सुटं सुटं लिहून पाहिलं होतं. आमची कंटेंट मॅनेजर एरवी ‘आणी’ लिहिते. पण त्या दिवशी तिला व्याकरण आठवलं आणि तिनं सगळं पुन्हा जोडून टाकलं. दीड रुपया गेला.

“देवनागरी तारेत हाच तर फायदा होता,” काका खुलले. “प्रत्यय चिकटतात, शब्द कमी भरतात, पैसे वाचतात!”

“कोणाचे?”

“पाठवणाऱ्याचे.”

तेच.

मग त्यांनी माझा लेख मोबाइलवर मागितला. चष्मा कपाळावर चढवून रांगेत उभ्या उभ्या अख्खा वाचला. पहिल्या परिच्छेदातल्या ‘आला आला पावसाळा’पाशी त्यांचा चेहरा दुःखी झाला. वाचून झाल्यावर स्लिपबुकातली एक स्लिप फाडली, मागे काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिली:

‘चपलांत पेपर कोंबा. पंख्याखाली ठेवा. सविस्तर पत्री.’

“‘सविस्तर पत्री’ म्हणजे बाकीचं पत्रात. तारेचा शेवट असाच करायचे. एकूण सात शब्द. आता मला सांगा, बाकीचे पाचशे त्र्याण्णव कशाला लिहिलेत?”

पैशांसाठी, काका. पण हे सतरा जणांसमोर बोलवेना. त्यांच्या आवृत्तीचे तीन रुपये पंधरा पैसे झाले असते आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती, हे जास्त लागलं. एवढ्यात त्यांचं पासबुक छापून आलं. आता मीही वाकून पाहिलं. पेन्शन. पाच आकडी. तार जुलै २०१३ मध्ये बंद पडली. पेन्शन मात्र बिनचूक येतंय. माझं काम अजून चालू आहे म्हणतात, आणि हे दोनशे सत्तर मे महिन्यातले होते. जूनचे विचारले की ‘अकाउंट्सला फॉरवर्ड केलंय सर’. हे अकाउंट्स नावाचं गाव कुठे आहे, तिथे एसटी जाते का, मला जाऊन बघायचंय.

बाहेर पाऊस. वीस मिनिटं थांबलो. रिक्षा केली असती तर निम्मा लेख गेला असता.

घरी पोचतोय तोच मॅनेजरचा मेसेज. ‘सर, पुढच्या लेखापासून ३०० शब्द. रीडर्सना थोडक्यात हवं असतं.’

रागानं इतकंच टाइप केलं: ‘समजलं. सविस्तर पत्री.’

दोन मिनिटं ‘टायपिंग…’ दिसत राहिलं. मग आलं: ‘सर पत्री म्हणजे गणपतीला वाहतात ती ना? मस्त टॉपिक! उद्यापर्यंत द्याल?’

नाही म्हणणार होतो. पण एकवीस पत्रींची नुसती नावं लिहिली तरी साडेदहा रुपये होतात. दूर्वा, शमी, आघाडा, मरवा… आणि ‘बेलाचं पान’ सुटं लिहिलं तर दोन.