हप्ता घेताना गोड, बॉयलर बंद पडला की कलमं!

ब्रिटनमध्ये बॉयलर कव्हरचा, म्हणजे घर तापवणाऱ्या बॉयलरच्या विम्याचा, हप्ता दरमहा बिनबोभाट कापला जातो. ऐन जानेवारीत रेडिएटर गार पडले की मात्र कलमं बाहेर येतात. गाळ साचलाय? बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. क्षार धरलेत? तेही नाही. अहो, हीट एक्स्चेंजर, म्हणजे बॉयलरमधला पाणी तापवणारा भाग, तुंबतो तो ह्यांनीच ना? मग विमा कशाचा उतरवला?

विकतानाही तेच. दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या गळ्यात ३५ किलोवॉटचा कॉम्बी, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा बॉयलर! घर तापवायला ५-६ किलोवॉट पुरतात, एका शॉवरला २४ चा पुरतो. वर फ्लो, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी, ७५ अंशांवर ठेवून इंजिनिअर पसार. परतीचं पाणी ५५ च्या खाली आल्याशिवाय कंडेन्सिंग, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवणं, धड होत नाही, हे कोण सांगणार? सिस्टिम फ्लश करून गाळ धुतला का, गंज रोखणारं इनहिबिटर घातलं का, गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर बसवला का, हेही गिऱ्हाइकानंच विचारायचं!