वायफायला कंट्री कोड आयएन, म्हणजे भारत, टाकलाय ना बाबा, अजून काय आधार कार्ड दाखवू?

तीन रात्री गेल्या राव. मागणं काय होतं माझं, तर घरात वायफाय चालावं आणि नियमात राहून चालावं, बास.

जुना मिनी पीसी पडला होता, त्याचा राउटर करायला त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, म्हटलं सुटलो एकदाचा त्या केबलवाल्याच्या डबड्यातून. आतलं वायफाय कार्ड लॅपटॉपवालं. शहाण्या मुलासारखा कंट्री कोड आयएन टाकला, चॅनल 36, सेव्ह. रेडिओ बंद! लॉग बघतो तर काय, 5180 मेगाहर्ट्झवर, म्हणजे याच 36 वर, एपी मोड (राउटरसारखं वायफाय सोडणं) चालणार नाही, नो-आयआर. म्हणजे कार्डानं आपणहून सिग्नल सोडायचाच नाही, दुसरं कोणी आधी बोललं तर बोलायचं. अरे ते राउटर आहे, त्यानंच आधी बोलायचं असतं!

आणि हे चॅनल काही बेकायदा नाहीये हो. ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारनं 5 गिगाहर्ट्झमध्ये 605 मेगाहर्ट्झ लायसन्समुक्त केलेत, 5150 ते 5350 आणि 5470 ते 5875, 36 नंबर त्यात आरामात बसतो, लिनक्सच्या देशवार चॅनलांच्या यादीत भारताच्या नावापुढे पण आहे. मग अडवतंय कोण, तर कार्डाचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतच भरलेलं सॉफ्टवेअर. कमांड मारा नाहीतर डोकं आपटा, ते आपण कुठल्या देशात आहोत हे आजूबाजूच्या राउटरांवरून ठरवतं. म्हणजे कोथरूडमध्ये बसून मी सांगतोय भारत ते खोटं आणि वरच्या काकांच्या मुलानं अमेरिकेतून आणलेला राउटर यूएस यूएस ओरडतोय ते खरं? पूर्वी ड्रायव्हरमध्ये हे बंद करायची सोय होती म्हणे, ती पण काढून टाकली.

मित्राला फोन केला तर म्हणतो, येड्या, कंट्री कोड पनामाचा टाक ना, पॉवर वाढते. पनामा!! अरे राउटर कितीही बोंबलला तरी मोबाईलचा आवाज तेवढाच राहणार ना, त्याचं उत्तर राउटरला ऐकू यायला नको? आणि असल्या दीडशहाण्यांमुळेच तर ही कुलपं लागलीत. पोर्टो रिकोत सान हुआनच्या विमानतळाजवळच्या हवामानाच्या रडारमध्ये 5 गिगाहर्ट्झवाल्या लोकांनी व्यत्यय आणला, मग अमेरिकेच्या एफसीसीनं, म्हणजे तिथल्या रेडिओ-दूरसंचार नियामकानं, नियम आवळले, 2015 च्या कागदात तर डीडी-डब्ल्यूआरटीचं (ओपनडब्ल्यूआरटीसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) नाव घालून विचारलं की हे कसं रोखणार सांगा. कंपन्यांनी काय केलं, फक्त रेडिओला कुलूप लावत बसायचं कशाला म्हणून अख्ख्या डब्यालाच लावलं. आपल्याकडे पण मुंबईत वेरावलीला सी-बँड, म्हणजे याच 5 गिगाहर्ट्झच्या आसपासचं, हवामानाचं रडार आहे, पावसाळ्यात तेच बघतो ना आपण सगळे? नियम मला मान्य आहे हो, मला फक्त तो पाळू द्या!!

शेवटी खर्च करून दुसरं कार्ड आणलं. त्यानं आयएन ऐकलं, चला. पण 36 वर आख्खी सोसायटी बसलेली, 149 वर उरलेली सोसायटी, म्हणून 100 वर गेलो, तिथं डीएफएस, म्हणजे रडार दिसलं की चॅनल सोडायचा नियम. चालू करायच्या आधी एक मिनिट रडार आहे का ऐकत बसायचं. ठीक आहे, एक मिनिट. पण आमच्याकडे लाईट दिवसातून चारदा जाते, इन्व्हर्टर या खोलीला नाही, म्हणजे चारदा ते एक मिनिट. आणि मध्येच त्याला भास होतो की रडार दिसलं, की दहा सेकंदात चॅनल सोडायचं आणि अर्धा तास तिथं फिरकायचं नाही. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर कसलं डोंबलाचं रडार??

काल रात्री आठ वाजता दिसलं त्याला. आईची सिरियल नेमकी तेव्हाच. मी लॉग दाखवून समजावत होतो, नॉन-ऑक्युपन्सी पिरियड, म्हणजे तो अर्धा तास, वगैरे. ती म्हणाली, ते केबलवाल्याचं डबडं टाकलं नाहीस ना अजून?